पत्र्यावरचा पाऊस

वास्कोच्या त्या ऑफिसातून फोन आला तेव्हा जुलै निम्मा सरला होता. मालक म्हणाले, "मॅडम, दोन कामं आहेत. मागच्या गच्चीवरचा पत्रा काढून तिथं दुसरं काहीतरी घाला, पावसाचा आवाज सहन होत नाही. आणि माझ्या केबिनला हॉलच्या बाजूनं काच बसवा. मला बसल्या जागेवरून सगळे दिसले पाहिजेत."

"का हो भाई, काय झालं?"

"चुका झाल्या. त्या डॉक्युमेंटवाल्या मुलीच्या. गेल्या महिन्यात सील नंबर जुळला नाही म्हणून एक कंटेनर बंदराच्या गेटवर दोन दिवस अडकला. पार्टी माझ्यावर उखडली. हा महिना बघतो. नाही सुधारली तर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

हे ऑफिस मीच केलं होतं, चार वर्षांपूर्वी. धंदा कस्टम्स ब्रोकरचा, पण तिथं अजून सगळे सीएचए, म्हणजे कस्टम हाउस एजंट, म्हणतात. अकरा माणसं. वेर्ण्याच्या कारखान्यांतला माल परदेशी पाठवायची कागदपत्रं तिथं तयार होतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन अंधाऱ्या खोल्या होत्या आणि दिवसाढवळ्या ट्यूबलाइट लागायची. मी दोन भिंती पाडल्या, स्लॅबखालचं जुनं खोटं छत काढून स्लॅब उघडा केला, विट्रिफाइड टाइल्स घातल्या, पश्चिमेला मोठ्या खिडक्या दिल्या. उजेड आला, वारा आला, सगळी माणसं एकमेकांना दिसू लागली. त्या हॉलचा फोटो मी अजून नव्या ग्राहकांना दाखवते. त्यामुळे मालकांचं बोलणं ऐकून पोटात गोळा आला. ती मुलगी बसत होती ती जागा मी कागदावर आखलेली होती.

मी म्हटलं, "काचेचं नंतर बघू. आधी एक दिवस मला हॉलमध्ये बसू द्या. मापं घ्यायला आले आहे एवढंच सांगा."

काम सुरू करण्याआधी मी जागेवर बसते, हे माझं नेहमीचं. काम झाल्यावर मात्र कधीच कुठं बसले नव्हते. हँडओव्हर झाला, बिल मिळालं की आम्ही पुढच्या साइटवर. माझ्या व्यवसायातली ही खोट मला त्या दिवशी फार लागली.

सकाळी साडेनऊला पोचले आणि तिच्या शेजारची खुर्ची घेतली. मुलगी पेडण्याकडची, तिशीच्या आतबाहेरची, रोज बस बदलत वास्कोला येणारी. उजेड मोजला, ठीक होता. खुर्ची, टेबलाची उंची, तेही ठीक. मग मी मापं सोडली आणि तिचं काम बघत बसले.

डावीकडे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, समोर स्क्रीन. डाव्या हाताचं बोट कागदावरच्या आकड्यावर ठेवायचं, आकडा ओठांतल्या ओठांत म्हणायचा, तो तोंडात धरून मान स्क्रीनकडे वळवायची आणि उजव्या हातानं टाइप करायचा. इन्व्हॉइस नंबर, बॅच नंबर, वजन, पेट्यांची संख्या, मालाचा प्रकार सांगणारा आठ आकडी एचएस कोड, कंटेनर नंबर, सील नंबर. कागदापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर जेमतेम हातभर. त्या हातभर अंतरात आकडा तिच्या तोंडात असतो, दुसरीकडे कुठंच नसतो.

तिच्या पाठीमागे चार फुटांवर ट्रान्सपोर्टचं टेबल. तिथले बाब सगळ्यांत जुने, बावीस वर्षं याच ऑफिसात असलेले. त्यांचं काम फोनवरच चालतं. ड्रायव्हरला गाडी कुठं लावायची ते सांगायचं आणि गाडीचे नंबर, ड्रायव्हरचे मोबाइल नंबर इकडून घेऊन तिकडे द्यायचे. "जीए झीरो सिक्स टी... हां, लिही... नायन एट टू..." आवाज चढा नव्हता. भला माणूस, सावकाश आणि स्पष्ट बोलायचा. आकडे चुकू नयेत म्हणून दोनदा म्हणायचा.

आणि प्रत्येक वेळी हिचं बोट कागदावर परत यायचं.

मी मोजायला लागले. एका इन्व्हॉइसला सात वेळा ती मान वळवून माघारी आली. तिला स्वतःला त्याची जाणीव नव्हती. चेहऱ्यावर त्रासही दिसत नव्हता, फक्त खांदे हळूहळू वर चढत होते.

हॉलमधल्या बाकीच्यांच्या कानांत इअरफोन. आठ फुटांवरच्या माणसाला प्रश्न विचारायचा तर व्हॉट्सअ‍ॅप. मी भिंती पाडल्या त्या माणसं एकमेकांशी बोलावीत म्हणून. बर्नस्टाइन आणि टर्बन या दोघांचा २०१८ सालचा अभ्यास मी वाचलेला आहे. दोन मोठ्या कंपन्यांनी आडोसे काढून ऑफिस मोकळं केलं तेव्हा माणसांचं समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. वाचलं तेव्हा वाटलं होतं, परदेशातल्या हजार माणसांच्या मजल्यावर होत असेल. अकरा माणसांच्या हॉलमध्ये ते माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडला आणि एकदम म्हणाली, "मॅडम, मला म्हायत आसा तुम्ही कशाला आलात ते. मी निष्काळजी नाही." मग ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली.

वहीत चुका होत्या, तिच्या तिनं लिहून ठेवलेल्या. तारीख, वेळ, काय हवं होतं, काय पडलं. आठ महिन्यांच्या. मी जेवण बाजूला ठेवून पानं उलटली. ६१८३ च्या जागी ६८१३. २०९५ च्या जागी २९०५. एकही आकडा परका नव्हता. सगळे आकडे तेच, क्रम मात्र ढळलेला. सील नंबर, वजनं, बॅच नंबर, सगळीकडे हीच तऱ्हा. आणि आठ महिन्यांत कंटेनर नंबरची चूक एकही नाही.

"कंटेनर नंबर कसा गं चुकत नाही?"

"चुकतो की. पण तो लगेच लाल होतो."

कंटेनर नंबरात चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो. मधले दोन आकडे इकडचे तिकडे झाले की बहुतेक वेळा शेवटचा जुळत नाही आणि सॉफ्टवेअर अडवतं. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी धरूनच चाललं होतं की माणसाच्या हातून क्रम चुकणार, म्हणून नंबरालाच राखण दिली. सील नंबराला अशी राखण नाही. तिथं सगळा भार हिच्या ओठांवर.

मी विचारलं, "पत्र्यावरच्या पावसाचा त्रास होतो का?"

"नाही हो. उलट जोराचा पाऊस लागला की माझं काम सरसर होतं."

मला वाटलं, भिडेपोटी बोलतेय.

पावणेतीनला पाऊस आला. गोव्यातला जुलैचा पाऊस, समोरची इमारत दिसेनाशी करणारा. मागच्या पत्र्यावर तडतड सुरू झाली आणि उघड्या स्लॅबखाली, टाइल्सवर, काचांवर आपटून सगळ्या हॉलभर भरली. मोबाइलवरच्या आवाजाच्या मीटरनं बाबांचं बोलणं सकाळी साठ डेसिबलच्या आसपास दाखवलं होतं, आता आकडा सत्तरच्या पुढे होता. मालक केबिनमधून कानावर हात ठेवून बाहेर आले. "बघा मॅडम, हा आवाज! यात माणूस काम कसं करणार?"

मी त्यांना हातानंच थांबवलं. मी तिचं बोट बघत होते. कागद, स्क्रीन, कागद, स्क्रीन. तीन इन्व्हॉइस झाले. माघारी आली ती फक्त दोनदा. खांदे खाली उतरले होते. मागे बाब फोनवर बोलतच होते, पण त्यांचा एकही शब्द आमच्यापर्यंत पोचत नव्हता.

अंगावर काटा आला. यातली विद्या मला माहीत होती, शिकलेली होते. कॉल आणि वेल्श या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणाऱ्याच्या कानावर कुणाचं बोलणं पडत राहिलं तर त्याचा क्रम बिघडतो. त्यांनी जर्मन न कळणाऱ्यांना जर्मन उतारा ऐकवला होता, तरी बिघडला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की नुसत्या एकसुरी घोंघावाटानं असं होत नाही, आणि आवाज लहान की मोठा यानंही फारसा फरक पडत नाही. आपण आकडे मनातल्या मनात म्हणून धरून ठेवतो, आणि दुसऱ्याचं बोलणं, ज्यात सूर आणि शब्द सारखे बदलत असतात, ते विचारल्याशिवाय त्या मनात शिरतं. पाऊस शिरत नाही. तो बाहेरच उभा राहतो आणि दार लावून घेतो. मालक जो पत्रा काढायला सांगत होते, तो त्या पोरीचा एकमेव आडोसा होता.

पाऊस ओसरल्यावर मी हॉलच्या मध्यावर उभी राहून टाळी वाजवली. टाळी किती वेळ रेंगाळली ते ऐकून मला माझ्या कामाची लाज वाटली. आवाज पिणारी एक वस्तू त्या हॉलमध्ये मी ठेवली नव्हती. वॉलेस सॅबिननं १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहातली गूंज घालवायला शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या होत्या आणि एकेक वाढवत मोजत बसला होता. माझ्याकडे गाद्या नव्हत्या, पण मागच्या खोलीत जुन्या फाइलींचे खोके होते, कागदानं ठासून भरलेले, छतापर्यंत.

मालकांना म्हटलं, "चार माणसं आणि दोन तास द्या." लोखंडी रॅक ओढून आणले, खोके रचले आणि ट्रान्सपोर्टचं टेबल उचलून मागच्या पॅसेजच्या तोंडाशी नेलं. खोक्यांची भिंत डोक्याच्या वर गेली. हे सगळं जुगाडच होतं, त्यात दिसायला देखणं काही नव्हतं.

बाब हातात फोन घेऊन उभे होते. "ताय, हांव खंय बसूं? कोनशांत?"

त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि तो मला हलका घ्यायचा नव्हता. बावीस वर्षं हॉलमध्ये बसलेल्या माणसाला कोपऱ्यात ढकललं, तर त्याचा अर्थ सगळे एकच लावणार. शिवाय त्यांच्याशिवाय ऑफिसचं पान हलत नाही. कुठली गाडी कुठं आहे हे प्रत्येकाला दिवसातून पाचदा त्यांनाच विचारावं लागतं. भिंत घातली आणि वाट नाही ठेवली, तर एक रोग घालवून दुसरा आणला असं झालं असतं.

तेव्हा मला आमचं सांखळीचं घर आठवलं. ओटीवर कुळं, पाहुणे, वादावादी, सगळं मोकळं. हिशेबाची खोली मात्र आत, राजांगणाच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, पलीकडे, जाड भिंतीची. पण त्या खोलीला ओटीच्या अंगाला एक झडपेची खिडकी होती. कुणी काही मागायला आलं की झडप उघडायची, काम झालं की बंद. त्या घरात बोलणं कुठवर जाणार हे भिंतींनी ठरवलेलं होतं. मी गोव्यात जन्मून, गोव्यात शिकून, पहिल्याच मोठ्या कामात ते सगळं पाडून हॉल केला.

खोक्यांच्या भिंतीत बसल्यावर तोंडासमोर येईल एवढी फट ठेवली आणि बाबांना सांगितलं, "इथं खिडकी येणार. चहा-पाण्याची जागाही इथंच. सगळ्यांना दिवसातून पाचदा तुमच्यापुढूनच जावं लागेल." ते लगेच काही बोलले नाहीत. खुर्ची थोडी सरकवून फटीतून हॉल दिसतो का ते बघितलं, मग बसले.

केबिनच्या काचेचं राहिलं होतं. त्याआधी मी तिच्याकडे वही मागितली. तिनं ती छातीशी धरली. "मॅडम, त्यांनी हेच पुरावा म्हणून माझ्यावर उलटवलं तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलटवू शकले असते. मी म्हटलं, "तू नको म्हणालीस तर मी वहीचं नावही काढणार नाही." ती थोडा वेळ उभी राहिली, मग स्वतःच केबिनमध्ये गेली. मी मागोमाग. मालकांनी पहिली दोन पानं चाळली, मग चष्मा काढून सावकाश वाचू लागले. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हे तू घरी लिवतेस की हंयच?"

"बसमध्ये," ती म्हणाली.

काचेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ऑगस्टमध्ये पक्कं काम केलं. खोक्यांच्या जागी पोकळीत लोकर भरलेली दुहेरी भिंत, तिला झडपेची खिडकी, वर आवाज पिणारं छत. खाली चटया घालणार होते, पण आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून त्या सोडल्या. पश्चिमेच्या एका टेबलावर चारनंतर ऊन येतं, ते मला अजून नीट सोडवता आलेलं नाही. पत्रा ठेवला.

ऑक्टोबरमध्ये मुद्दाम गेले. पाऊस गेलेला होता, म्हणजे आडोसा गेलेला, आणि खरी परीक्षा तेव्हाच होती. सप्टेंबरात दोन चुका झाल्या होत्या. त्यातली एक तिचे वडील गोमेकॉ इस्पितळात होते त्या आठवड्यातली. तिनं वही दाखवली आणि उरलेली पानं कोरी होती.

खिडकीत एक फळी बसली होती, ती मी आखलेली नव्हती. बाबांनी सुताराला सांगून लावून घेतली होती. तिच्यावर चहाचे दोन पेले आणि एक उभी तार, तारेत खोचलेल्या चिठ्ठ्या. सील नंबर आता ते तोंडी सांगत नाहीत, मोठ्या अक्षरात लिहून फळीवर ठेवतात. सगळ्यांत वरच्या चिठ्ठीवर प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर निळ्या पेनानं एकेक बारीक टिंब दिलेलं होतं, तिच्या हातचं.