सेस्नातून कॅलिफोर्नियाचा किनारा: नाशिककरांच्या प्रश्नांची उत्तरं

भाचा पायलट आहे म्हटलं की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पुढचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या एअरलाइनमध्ये?" कुठल्याच नाही. तो सॉफ्टवेअरवाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबचं चार आसनी सेस्ना 172 भाड्याने घेऊन उडवतो. सप्टेंबरअखेरीस त्याने मला आणि हिला पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून फिरवून आणलं. फोटो पाहिल्यापासून ट्रॅकवरच्या मंडळींनी प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. गंगापूर रोडला दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी तिकडे आहे. आई-वडील जातात, मंदिर, मॉल आणि नायगारा करून परत येतात. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

माझी नोकरी ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यात गेली. मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत सगळं हाताखालून गेलं, पण लढाऊ विमान दुरुस्त करणाऱ्याला त्यात कोण बसवतो? त्यामुळे या ट्रिपला निघताना मी समुद्रापेक्षा यंत्र बघायलाच जास्त उत्सुक होतो, हे आधीच सांगतो.

पालो आल्टोचा विमानतळ पाहून मी चाटच पडलो. ओझरला गेटवर पास, आत पास, हँगरला पुन्हा पास. इथे भाच्याने फाटकावर आकडे दाबले, फाटक उघडलं आणि समोर ओळीने विमानं दोरांनी जमिनीला बांधून ठेवलेली. धावपट्टी जेमतेम 2,400 फुटांची. आपली ओझरची 3,000 मीटर. आमचं विमान पांढरं, निळ्या पट्ट्याचं, आणि दार म्हणाल तर जुन्या फियाटचं. आपटल्याशिवाय लागत नाही.

उड्डाणाआधीची तपासणी मात्र अगदी आमच्या शिस्तीतली. भाचा हातात कागद धरून एकेक कलम वाचत विमानाभोवती फिरला. पंखाखालच्या झडपेला छोटी पारदर्शक नळी लावून त्याने थोडं इंधन काढलं आणि आकाशाकडे धरलं. एव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं असतं. त्यात पाणी शिरलं असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी थेंब होऊन बसतं आणि लगेच दिसतं. प्रत्येक झडपेशी हेच. ही म्हणाली, "एवढं काय बघतोय तो?" मी म्हटलं, बघू दे. जो पायलट हे घाईघाईत उरकतो त्याच्याबरोबर बसू नये, मग तो सख्खा भाचा का असेना.

त्याआधी घरी वजनाचा कार्यक्रम झाला होता. "मामा, खरं वजन सांगा. मामी, तुम्हीपण. बॅगेसकट." हिने दोन किलो कमी सांगितले, तशी त्याने सरळ काटाच आणून ठेवला. कारण साधं आहे. विमानात जागा चार असल्या तरी टाक्या भरल्यावर माणसांसाठी साधारण अडीचशे किलो उरतात. म्हणजे चार धडधाकट माणसं आणि भरलेल्या टाक्या हे गणित बसत नाही. आम्ही तिघे होतो म्हणून निभावलं. चौघांना जायचं असेल तर इंधन कमी घ्यावं लागतं आणि फेरी आखूड होते. आयत्या वेळी व्याह्यांना गाडीत घालून नेऊ नका.

तारखेबद्दल. "पितृपक्षात नवीन काही करू नये," असं हिचं म्हणणं. "मामी, विमान भाड्याचं आहे, जुनंच आहे," असं भाच्याचं. खरी अडचण पितरांची नव्हती, धुक्याची होती. तिथला समुद्र थंडगार आहे. त्यावरच्या हवेत उन्हाळाभर ढगाचा सपाट थर तयार होतो आणि किनाऱ्याला चिकटून राहतो. जून, जुलै, ऑगस्टमध्ये आत लख्ख ऊन आणि किनारा गायब, हे रोजचंच. आमचाही ठरलेला शनिवार असाच गेला. अंगणात ऊन होतं, आणि भाचा मोबाइलवर किनाऱ्यावरच्या हाफ मून बे गावचा कॅमेरा दाखवत "आज नाही" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मोकळं मिळालं. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सगळ्यात स्वच्छ महिने. तिकीट काढताना हे लक्षात ठेवा आणि हातात दोन शनिवार-रविवार तरी ठेवा. एकच दिवस मोकळा असेल तर पायलटवर नकळत दडपण येतं, आणि छोट्या विमानात ते चांगलं नाही.

निघालो. टेकड्यांच्या रांगेवरून पलीकडे झालो आणि समुद्र आला. सह्याद्री ओलांडून कोकणात उतरायला आपल्याला कसारा घाट आणि दोन तास लागतात, इथे पाच-सात मिनिटांत काम झालं. हाफ मून बेच्या टोकाला पिलर पॉइंट आहे, त्याच्यापुढे मॅव्हरिक्स नावाची लाटांची प्रसिद्ध जागा. मोठ्या लाटा थंडीत येतात. आम्हाला दिसल्या त्या शांत, एकामागून एक आखलेल्या रेघा. किनाऱ्यावर उभं राहून लाट येताना दिसते, पण ती वाकते कशी हे वरूनच कळतं. टोकाजवळ पाणी उथळ होतं, तिथला तिचा भाग मंदावतो आणि बाकीची लाट वळून आत येते. हे पुस्तकात वाचलं होतं, मुलांना समजावलंही होतं, पाहिलं पहिल्यांदा.

दक्षिणेकडे वळलो. उंची दीड हजार फूट. या उंचीवर माणसं दिसतात, गाड्यांचे रंग दिसतात, कुत्रं पळताना दिसतं. जेटच्या खिडकीतून दिसतो तो नकाशा, हा गाव आहे. पिजन पॉइंटचं दीपगृह 1872 सालचं, 115 फूट उंच, कड्याच्या अगदी टोकावर. पुढे आन्यो नुएव्होच्या वाळूवर एलिफंट सील पडलेले असतात, पण भाचा खाली गेला नाही. या समुद्राचा बराचसा भाग संरक्षित अभयारण्य आहे आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांत हजार फुटांच्या खाली उडायला मनाई आहे, प्राणी बिचकतात म्हणून. "जरा खाली घे ना," असं म्हणू नका. फोटोसाठी झूम असतो.

आता बसण्याच्या जागेबद्दल, कारण याचा विचार कुणीच आधी करत नाही. किनारा पश्चिमेचा, आपल्या कोकणासारखाच. दक्षिणेकडे जाताना जमीन डाव्या हाताला असते. डावीकडे पुढे पायलट. म्हणजे जाताना सगळा देखावा पायलटला आणि त्याच्या मागे बसलेल्याला. मी मोठ्या रुबाबात पुढे उजवीकडे बसलो आणि तासभर नुसतं पाणी पाहिलं. ही मागे डावीकडे बसून "अहो, ते बघा, ते बघा" करत होती. परत येताना सगळं उलटं झालं. तेव्हा दोघांनी भांडू नये, दोघांनाही निम्मं-निम्मं मिळतं. आणि शक्यतो दुपारनंतर जा: सकाळी किनाऱ्याचे कडे सावलीत असतात, दुपारी ऊन समुद्राकडून त्यांच्यावर पडतं.

सांता क्रूझचा जुना लाकडी रोलरकोस्टर, तिथून पुढे माँटेरेचा उपसागर. नकाशावर पाहिलं तर सरळ पाण्यावरून कापलं की झालं. भाच्याने कापलं नाही. साडेतीन हजार फुटांवर चढून किनाऱ्याच्या वळणानेच गेला. एकच इंजिन. ते बंद पडलं तर हे विमान हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं, म्हणजे साडेतीन हजारांवरून पाचेक मैल. तेवढ्यात जमीन हवी. हे गणित त्याने बोलता बोलता सांगितलं आणि मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. लाइफ जॅकेट तरीही कमरेला होतीच. ती आत असताना फुगवायची नसतात, बाहेर पडल्यावर फुगवायची. हे निघण्याआधी विचारून घ्या.

मॉस लँडिंगला वीजकेंद्राच्या दोन उंच चिमण्या दिसतात. त्यांच्यासमोर, बंदराच्या तोंडाशीच, समुद्राखालची दरी सुरू होते. वरून दरी दिसत नाही, पण खोल पाणी इतकं जवळ असल्यामुळे देवमासे किनाऱ्यालगत येतात. हिलाच आधी दिसले. पाण्यावर पांढरा फवारा, मग खाली फिकट लांब पर हलताना. हंपबॅक, असं भाचा म्हणाला. आम्ही वळलो नाही, घिरटीही घातली नाही. दहा-बारा सेकंद असतील. हेडसेटमध्ये कुणी बोललं नाही, फक्त नियंत्रकाचा आवाज कुणा दुसऱ्या विमानाला आकडे सांगत होता.

माँटेरेच्या पुढे जमीन बदलते. डोंगर सरळ समुद्रात उतरतो, मध्ये सपाटी अशी नाहीच, आणि त्या उतारावर हायवे 1 कोरलेला. बिक्सबी पूल 1932 चा, दरीपासून 260 फूट उंच, एकाच कमानीचा. दरड कोसळून हा रस्ता वरचेवर बंद असतो, त्यामुळे गाडीने जायचं असेल तर आधी चौकशी करा. वरून आम्हाला जुन्या दरडींचे ओरखडे स्पष्ट दिसले. पावसाळ्यानंतर इगतपुरीकडे दिसतात तेच, फक्त दगड आपला काळा बसाल्ट नाही. पॉइंट सरचं दीपगृह एका सुट्या खडकावर आहे, त्याला वाळूच्या दांड्याने जमिनीशी जोडलंय. मला मुरुडकडची आठवण झाली. तिथूनच वळलो.

परतताना वॉटसनव्हिलला उतरलो. याला कारण वय. विमानात स्वच्छतागृह नसतं, आणि साठीपुढच्या माणसाने तासाभराच्या वर अंदाज बांधू नये. तिथे स्ट्रॉबेरीची शेतं आहेत, प्लास्टिकने झाकलेली, उन्हात चकाकणारी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर प्लास्टिक टाकतात त्याची आठवण येणारच. बाकड्यावर बसून हिने केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. उतरताना शेवटच्या क्षणी विमानात शिट्टी वाजते. तो वेग कमी झाल्याचा इशारा असतो, बिघाड नाही. ही घाबरली, तुम्ही घाबरू नका.

बारीकसारीक गोष्टी. साडी नको, पाय उंच टाकून चढावं लागतं. कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा शर्ट घातला तर प्रत्येक फोटोत खिडकीवर तोच उमटतो. पोलराइज्ड गॉगल नको, खिडकीत इंद्रधनुष्य दिसायला लागतं. समोरून फोटो काढलात तर मोबाइलमध्ये प्रोपेलरची पाती वाकडी-तुटकी येतात, कॅमेरा बिघडलेला नसतो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायलटशी गप्पा मारायच्या नाहीत. मळमळ होणाऱ्याने आवळासुपारी तोंडात ठेवावी, नजर क्षितिजावर ठेवावी. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी वाचा: पुष्कळ पॉलिसींमध्ये खाजगी विमानातला प्रवास वगळलेला असतो.

भाचा नसलेल्यांनी काय करायचं? तिथल्या फ्लाइंग स्कूल ओळख म्हणून एक छोटं उड्डाण देतात, प्रशिक्षक शेजारी असतो आणि तुम्हाला चक्क डावीकडे बसवतात. फोन करताना "किनाऱ्यावरून न्याल का" असं स्पष्ट विचारा. बहुतेक जण गोल्डन गेट मागतात. माझं मत विचाराल तर तो पूल खालूनच बघावा.

"आपल्या कोकणावरून असं जाता येईल का?" हा ट्रॅकवरचा सगळ्यात आवडता प्रश्न. हौशी पायलटला इथे ते सोपं नाही. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन द्यावा लागतो, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा लागतो, वाटेत तारापूरचं अणुवीजकेंद्र आणि मुंबई आहे, आणि भाड्याने विमान देणारे क्लब मुख्यतः प्रशिक्षणासाठी चालतात. एचएएलवाला म्हणून मला यातली बरीच कारणं पटतात. तरी डहाणूपासून जंजिऱ्यापर्यंत दीड हजार फुटांवरून जायला मिळावं, असं वाटतंच.

शेवटी पैसे. विमान तासाला दोनशे डॉलरच्या घरात, इंधनासकट. मामा असताना भाच्याने पैसे द्यायचे नाहीत, म्हणून मी सगळे काढून ठेवले होते. त्याने घेतले नाहीत. तिथल्या नियमानुसार खाजगी परवान्याचा पायलट प्रवाशांकडून कमाई करू शकत नाही, आणि खर्चातला स्वतःचा वाटा त्याने स्वतःच भरायचा असतो. तिघे असलो तर त्याचा एक तृतीयांश. परवान्याचा प्रश्न म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. जेवणाचं बिल त्या नियमात येत नाही, ते मी दिलं.