म्हातारीचा साचा

भयगृहासाठी, म्हणजे प्रेक्षकांना घाबरवणाऱ्या अंधाऱ्या दालनांसाठी, घडवलेल्या माझ्या पहिल्या म्हातारीच्या चेहऱ्यावर मी जवळजवळ तीन आठवडे घालवले. मातीत एकेक सुरकुती कोरली, त्यावरून प्लॅस्टरचा दोन भागांचा साचा काढला, साच्यात लेटेक्सचे (द्रव रबराचे) थर देऊन मुखवटा सोडवला आणि पापण्यांच्या कडांना पातळ लालसर रंगही दिला. दालनातील मंद निळ्या दिव्याखाली मात्र यातले काहीच दिसेना. दिसत होता तो केवळ एक फिकट गोळा.

उजेडातून अंधारात आलेला प्रेक्षक पात्रासमोरून काही सेकंदांत पुढे सरकतो, आणि तेवढ्या वेळात त्याचे डोळे अंधाराला सरावत नाहीत. त्यातच लाल रंग क्षीण प्रकाशात सर्वांत आधी काळा पडतो, म्हणून हौसेने ओतलेले रक्त निळ्या उजेडात डांबरासारखे दिसते. (रक्ताचा सोस नवशिक्यांना फार असतो, मलाही होता.)

आता मी चेहऱ्याऐवजी काळ्या कागदातून कापलेल्या आकृतीपासून सुरुवात करतो. एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर, मान किंचित लांब, कोपर भलत्याच जागी वळलेले, अशी प्रमाणात थोडीशीच चुकलेली आकृती दहा पावलांवरूनही अस्वस्थ करते. राक्षसाचे शिंगे-सुळे पाहून लोक हसतात, असा माझा अनुभव आहे.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६९ साली खुल्या झालेल्या ‘हॉन्टेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्यात दोन अर्धपुतळे आपल्याकडे मान वळवून पाहत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते साच्यासारखे आत खोलगट असलेले चेहरे आहेत. चेहरा म्हणजे बाहेर उंचावलेलाच असणार, हा मेंदूचा हट्ट इतका पक्का असतो की तो खोलगटपणा नाकारतो, आणि आपण चालू लागलो की तो चेहराच वळला असे मानतो.

हे कळल्यावर मी अडगळीतून म्हातारीच्या साच्याचा पुढचा अर्धा भाग काढला, काळ्या फळीत बसवला आणि त्यावर खालून दिवा सोडला, कारण खोलगट चेहऱ्यावर खालून पडलेला प्रकाश पाहणाऱ्याला वरून पडल्यासारखा वाटतो. साच्याला रंगाचे एक बोटही लावले नव्हते. पहिल्या रात्री ज्या मुलीने म्हातारीसमोरून पळ काढला, ती बाहेर येऊन विचारत होती की त्या बाईच्या मानेत मोटर बसवली आहे का.