पंधरा मिनिटांच्या परवानगीला सहा आठवडे

शाळेतल्या शिक्षकांसाठी एक शोधनिबंध मराठीत एका पानावर आणणं हेच अवघड काम, असं मी धरून चालले होते. ते तीन संध्याकाळांत उरकलं. अडलं ते शिक्षण कार्यालयाच्या खिडकीवर, तो शिक्षकांपुढे मांडायची परवानगी मागताना.

निबंध रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ चा. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांनी दोन उतारे प्रत्येकी ७ मिनिटं वाचले. मग एक पुन्हा ७ मिनिटं वाचला, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. काहींना पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. काहींना आठवड्याने तपासलं तर ४२ विरुद्ध ५६, म्हणजे लिहून काढलेला पुढे. शिक्षकाला हे चार आकडे पुरतात, बाकी सांख्यिकी काढून टाका. 'पुनर्प्राप्ती सराव' हा शब्दही काढा, त्याने थकबाकीच आठवते. 'आठवून लिहिणे' म्हणा.

आता खिडकी. मला पुण्यातल्या एका केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (तिथल्या शिक्षकांच्या बैठकीत) १५ मिनिटं हवी होती. केंद्रप्रमुख राजी होते, फक्त म्हणाले, "मॅडम, वरून पत्र आणा." वरच्या कार्यालयात एकच छापील अर्ज मिळाला, संशोधनाच्या परवानगीचा. रकाने असे: शीर्षक, नमुना संख्या, मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठाचे पत्र, माहिती संकलनाची साधने. शिक्षकांकडून माहिती गोळा करून नेणाऱ्याची सगळी सोय; त्यांना काही आणून देणाऱ्यासाठी रकानाच नाही! नमुना संख्येपुढे 'लागू नाही' लिहिलं, तर त्रुटी म्हणून अर्ज परत. पुढच्या खेपेला '४० शिक्षक' लिहिलं, तर प्रश्नावली जोडा. प्रश्नावली नाही म्हटल्यावर, "मग संशोधन कसलं?" मी चिडले, पण त्यांचा मुद्दा बरोबर होता. तिसरा अर्ज साध्या कागदावर केला आणि 'संशोधन' शब्दच गाळला. 'विषय : शिक्षण परिषदेत अध्यापन तंत्राचे १५ मिनिटे सादरीकरण करण्याबाबत.' सोबत ते एक पान जोडलं. मग साहेब प्रशिक्षणाला, मग रजेवर, मग टेबल बदललं आणि नव्या टेबलावर अर्ज सापडेना. माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का होता म्हणून वाचले. दोन प्रती न्या, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात एकच तारीख घालू नका; 'या किंवा पुढील महिन्याची परिषद' असं लिहा.

पानावर काय हवं? वर चार आकडे, खाली कृती. पाचवीचा परिसर अभ्यासाचा तास धरा. कालच्या पाठावर आज सुरुवातीलाच पुस्तकं बंद, वहीच्या मागच्या पानावर ३ मिनिटं आठवेल ते. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचं. गुण द्यायचे नाहीत.

फसतं कुठे, तेही त्याच पानावर लिहा. पाठ संपताच लिहायला लावलं तर बरंचसं ताजंच असतं, विसरलेलं काय ते कळत नाही. मधे एक दिवस गेलेला बरा. तोंडी विचारलं तर हात वर केलेलं एकच मूल आठवतं, बाकीचे त्याच्याकडे बघत बसतात. दुसऱ्या रंगाची पायरी गाळली तर चुकीचं लिहिलेलं तसंच डोक्यात राहू शकतं. आणि हा प्रयोग कॉलेजच्या मुलांवरचा आहे, हे लपवू नका. "आमची पोरं तशी नाहीत" असं कुणीतरी म्हणणारच, ते आपणच आधी म्हटलेलं बरं. जी मुलं अजून लिहायला अडखळतात त्यांना चित्र काढू द्या किंवा शेजारच्याला सांगू द्या.

अजून एक राहिलं. पान पाठपोट नको. मागची बाजू कोरी ठेवली की शिक्षक तिथेच करून बघतात. मी पंधरातली शेवटची ५ मिनिटं त्यासाठीच राखली होती.

पत्र आलं परिषदेच्या आदल्या संध्याकाळी. विषयाच्या ओळीत छापलं होतं, 'संशोधनासाठी माहिती संकलनास परवानगी'. केंद्रप्रमुखांनी शिक्का पाहिला आणि ते न वाचताच फाइलला लावलं.