अण्णांची फाईल

निकालाच्या दिवशी लोक टीव्हीवर पक्ष बघतात, मी यादी बघते. २३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. मांडीवर वही आणि वहीत चौदा नावं. मावळत्या विधानसभेतले हे चौदा आमदार आमच्या विषयावर कधी ना कधी उपयोगी पडले होते. कुणी तारांकित प्रश्न टाकला होता (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न), कुणी लक्षवेधी दिली होती (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), कुणी मंत्र्यांच्या दालनात आमच्या शिष्टमंडळाला पाच मिनिटं मिळवून दिली होती. सगळ्या पक्षांचे लोक होते. तिघांना या वेळी तिकीटच नव्हतं. उरलेल्यांपैकी पाच जणांवर दुपारपर्यंत रेघ मारून झाली. चारच्या सुमारास अण्णांच्या मतदारसंघाची शेवटची फेरी संपली आणि सहावी रेघ मारताना माझा हात थांबला.

आधी माझं काम सांगते. मी गृहनिर्माण संस्थांच्या एका संघटनेचं काम पाहते. कार्डावर 'समन्वयक' असं छापलंय. इंग्रजी पेपर याला लॉबिंग म्हणतात, आम्ही पाठपुरावा म्हणतो. आपल्याकडे या कामासाठी कुठला कायदा नाही की नोंदणी नाही. निवेदन तयार करायचं, ते योग्य आमदाराच्या योग्य पीएकडे पोचवायचं, अधिवेशनाआधी आठवण करायची, उत्तर आलं की ते वाचून पुढचा प्रश्न काढून द्यायचा. मार्चमध्ये अर्थसंकल्पी, पावसाळ्यात मुंबईत, डिसेंबरमध्ये नागपूर. सोळा वर्षं माझं कॅलेंडर हेच आहे.

आमचा विषय बाहेरून कोरडा वाटतो, पण ज्याच्या घरात तो शिरतो त्याची झोप उडते. सहकारी संस्थांबाबतची ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ मध्ये लागू झाली, पुढच्या वर्षी राज्याचा सहकार कायदा त्याप्रमाणे बदलला आणि सगळ्या सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या. साखर कारखान्याला आणि सोळा फ्लॅटच्या सोसायटीला एकच चाळण. एरंडवण्यातली अशी एक सोसायटी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. सगळे सभासद सत्तरीच्या पुढचे, कमिटीची मुदत संपलेली, निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून प्रशासक आला. चेअरमन होते ते आजोबा दर आठवड्याला आमच्या ऑफिसात येऊन बसायचे. पाण्याच्या टाकीला गळती लागली होती आणि दुरुस्तीच्या चेकवर सही कुणी करायची यावर सहा महिने गेले.

मग २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, कलम १५४-ब. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना आपली निवडणूक आपण घ्यायची मुभा मिळाली. आम्ही पेढे वाटले. पण कायदा नीट वाचला तर जागोजागी 'विहित करण्यात येईल अशा रीतीने' असे शब्द होते. विहित म्हणजे नियमांत. आणि गृहनिर्माण संस्थांचे स्वतंत्र नियम काही येत नव्हते.

अण्णा या विषयात शिरले ते २०१५ मध्ये, त्यांच्या पहिल्या टर्मला. त्यांचं नाव आणि मतदारसंघ लिहीत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. उसाचा पट्टा, पुण्यापासून चार तासांवर. मुलांच्या शिक्षणासाठी सहकारनगरला एक फ्लॅट होता, तिथे महिन्यातून दोन-तीन दिवस असायचे. मी पहिल्यांदा निवेदन घेऊन गेले तेव्हा त्यांनी आधी खालची ओळ बघितली. "ताई, यावर तारीख कुठाय? तारखेशिवाय कागद म्हणजे रद्दी." मी तिथेच पेनने तारीख घातली. मग त्यांनी बसवून घेतलं आणि पाऊण तास एकेक शब्द विचारला. निघताना म्हणाले, "माझ्या मतदारसंघात गृहनिर्माण संस्था मोजून तीन. पण सहकार म्हणजे नुसता कारखाना नव्हे."

या वाक्याची किंमत मला माहीत आहे. आमदाराकडे सकाळपासून जे लोक येतात त्यांना ट्रान्सफॉर्मर हवा असतो, बदली हवी असते, ससूनमध्ये बेड हवा असतो. त्यांच्या हातात मत असतं. माझ्या विषयात त्यांना एकही मत नव्हतं. तरी पुढच्या नऊ वर्षांत त्यांनी दोन तारांकित प्रश्न टाकले, एक लक्षवेधी दिली, आणि मंत्रालयात माझ्याबरोबर तीनदा आले.

आणि प्रचाराच्या पंधरवड्यात मी त्यांना एक फोन केला नाही. उलट शुक्रवारी, निकालाच्या आदल्या दिवशी, मंडईत दहा पुष्पगुच्छ सांगून ठेवले, कारण नवे आमदार पहिल्या दोन दिवसांत भेटले तर लक्षात ठेवतात. हे आमच्या कामात सगळेच करतात. मला त्याची लाज वाटली ती शनिवारी रात्री, नऊ वाजता त्यांचाच फोन आला तेव्हा.

"ताई, उद्या सकाळी जमेल का? तुमची फाईल माझ्याकडे आहे, ती घेऊन जा. फ्लॅटमधलं ऑफिस आवरतोय."

रविवारी दहाला पोचले. एरवी त्या जिन्यात चपलांचा ढीग असायचा, त्यातून वाट काढावी लागायची. त्या दिवशी दाराबाहेर दोनच जोड होते. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून छतापर्यंत रचल्या होत्या. अण्णांचे पीए खाली बसून लेटरहेडचे गठ्ठे सुतळीने बांधत होते. नऊ वर्षं या माणसाने माझे फोन उचलले. मी विचारलं, तुमचं पुढे काय? म्हणाले, "बघू. दुसरीकडून विचारणा आहे, पण आज नाही जाणार." आमदार पडतो तेव्हा त्याच्याबरोबर असे चार-पाच जण पडतात. कुठल्या खात्यात कुठलं टेबल हे त्यांच्या डोक्यात असतं, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं.

वहिनींनी पोहे आणले. त्यांनाच बोलायचं होतं. "अधिवेशन असलं की हे दहाव्याला जायचे नाहीत. मी सांगायचे, तासभर जाऊन या, तोंड दाखवा. हे म्हणायचे, उद्या माझा प्रश्न आहे. समोरचा प्रत्येक मयतीला हजर होता." अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "लोकांचं चुकलं नाही. दुःखात जो येतो तो आपला, हे मीच त्यांना शिकवलंय."

मग त्यांनी फाईल काढली. माझ्या २०१५ च्या निवेदनापासून सगळं क्रमाने लावलेलं होतं. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने तारीख. तारांकित प्रश्नांची छापील उत्तरं होती. ज्यांनी ती वाचली आहेत त्यांना साचा माहीत असेल: 'अंशतः खरे आहे', 'कार्यवाही सुरू आहे', आणि शेवटी, विलंबाची कारणं काय या भागाला, 'प्रश्न उद्भवत नाही'. त्या शेवटच्या ओळीपुढे अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'उद्भवतो. एरंडवणे, १६ सदनिका, प्रशासक, टाकी.' आजोबांची टाकी. मी ती गोष्ट त्यांना एकदाच, लिफ्टमध्ये सांगितली होती. आजोबा गेले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मला बोलता येईना. अण्णा फाईलकडेच बघत होते. "पहिल्या टर्मला पत्र द्यायचं एवढंच कळतं. मंत्र्याचं उत्तर आल्यावर उभं राहून उपप्रश्न कसा विचारायचा, म्हणजे त्याला तारीख सांगावी लागेल, हे मला दुसऱ्या टर्ममध्ये जमायला लागलं. आता जमतंय म्हणेपर्यंत संपलं."

इथे मला जे वर्षानुवर्षं डाचतंय ते लिहितेच. विधानसभा विसर्जित झाली की तिथे प्रलंबित असलेली विधेयकं व्यपगत होतात, म्हणजे आपोआप बाद होतात, हे घटनेतच आहे, अनुच्छेद १९६. पण माणसाबरोबर जे बुडतं त्याचा हिशेब कुठेच नाही. पुण्यातलंच बघा. कसब्यातून गिरीश बापट १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ मध्ये ते लोकसभेत गेले. मग मुक्ता टिळक आल्या, २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर आले, आणि २०२४ मध्ये हेमंत रासने. चोवीस वर्षं एका मतदारसंघात एक दार होतं, आणि पुढच्या पाच वर्षांत आमदार तीनदा बदलला. लोकांनी कुणाला निवडावं हा त्यांचा हक्क आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक वेळी जुन्या वाड्यांचे, सोसायट्यांचे, भाडेकरूंचे कागद पहिल्यापासून समजावून सांगावे लागतात. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. ते सभागृहात उभे राहिले की अधिकारी गॅलरीत सावरून बसायचे असं जुने लोक सांगतात. मला ते पटतं. मागच्या वीस वर्षांत काय आश्वासन दिलं होतं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच्यापुढे 'कार्यवाही सुरू आहे' चालत नाही. आणि ते गणपतरावही १९७२ ला आणि १९९५ ला पडले होते.

अण्णांनी विचारलं, "गुच्छ किती सांगितलेत?"

मी खरं सांगितलं. दहा.

"बरोबर केलंत. पण गुच्छ दहा जणांना द्या, फाईल चौघांनाच द्या." त्यांनी पेन्सिल घेतली, जुन्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीमागे चार नावं लिहिली आणि प्रत्येकाबद्दल सांगत गेले. हा समितीच्या बैठकीला कागद वाचून येतो. ह्या बाई मंत्र्यांशी भांडतात पण सचिवांशी गोड बोलतात, त्यांना लक्षवेधी द्या. तिसरे विधान परिषदेतले, पदवीधर मतदारसंघातून आलेले. त्यांना सहा वर्षं आहेत, मतदार शहरात राहतात, आणि परिषद विसर्जित होत नाही, म्हणून एक माणूस तिथे कायम ठेवा. चौथं नाव वाचून मी वर बघितलं. आदल्या दिवशी ज्याने अण्णांना पाडलं, त्याचं नाव होतं.

"पोरगा वकील आहे," अण्णा म्हणाले. "सहकार न्यायालयात चार-पाच वर्षं काम केलंय. त्याला १५४-ब वाचून दाखवायला लागणार नाही."

"तुमचं नाव सांगू?"

"मुळीच नको. माझं नाव ऐकलं की तो फाईल उघडणार नाही. आणि त्याने उघडली तरी त्याच्या माणसांना ते चालणार नाही. पेन्सिलच्या खुणा खोडा आणि द्या."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, वहिनी हुंदका आवरत होत्या की काय कोण जाणे. अण्णा उठून आत गेले. मी आणि पीए खुर्च्यांच्या थप्पीशेजारी बसून राहिलो. त्यांनी माझ्या फाईलला न विचारता सुतळी बांधून दिली.

त्या रात्री मी खोडरबर घेऊन बसले. तारखा खोडल्या, खुणा खोडल्या. आजोबांची ओळ मात्र खोडवली नाही. त्या पानाची झेरॉक्स काढताना ती ओळ पट्टीने झाकली आणि मूळ पान माझ्याकडे ठेवलं.

नागपूरचं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, जेमतेम सहा दिवसांचं होतं. आमदार निवासात त्या नव्या आमदारांना गाठलं. खोलीत पन्नास माणसं, हारांचा वास. मला वाटलं कागद पीएकडे जाणार. पण त्यांनी खिडकीशी उभं राहून पहिली चार पानं वाचली आणि अचूक तोच प्रश्न विचारला, "नियम नसतील तर उपविधींवर किती दिवस चालवणार?" उपविधी म्हणजे सोसायटीचे स्वतःचे पोटनियम. मग फाईल उलटी करून मागचा कागद बघितला. "हे इतकं क्रमाने कुणी लावलंय?"

मी म्हटलं, "संघटनेनं."

खोटं बोलले. अण्णांनी सांगितलं होतं म्हणून बोलले, पण नागपूरहून परत येताना रात्रभर ते डोक्यात होतं.

एप्रिल २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. कायद्यानंतर सहा वर्षांनी. हे कुणा एकामुळे झालं असं मी म्हणणार नाही. असे मसुदे अनेकांनी अनेक वर्षं ढकललेले असतात. हरकती आणि सूचना पाठवायच्या होत्या सहकार आयुक्तांकडे, म्हणजे इथेच, पुणे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती इमारतीत. मेमध्ये मुदत संपत आली तेव्हा आमच्या सभासद संस्थांचा गठ्ठा घेऊन मी तिथे गेले. आवक-जावकच्या टेबलापुढे दहा-बारा माणसं होती आणि पंखा गरम वारा टाकत होता.

रांगेत माझ्यापुढे चौथे अण्णा होते. साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी. बरोबर कुणी नव्हतं. सहकारनगरच्या आपल्या सोसायटीच्या हरकती घेऊन आले होते, सेक्रेटरी आजारी होते म्हणून. मला बघून मान हलवली, पुढे बोलावलं नाही, स्वतःही पुढे गेले नाहीत. त्यांचा नंबर आला. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नाव?" त्यांनी फक्त आडनावासकट नाव सांगितलं, बाकी काही नाही. कारकुनाने शिक्का मारून प्रत परत दिली.

अण्णांनी ती उजेडाकडे धरली, मग पुन्हा टेबलावर ठेवली आणि बोटाने शिक्का दाखवला.

"साहेब, जरा परत मारता का? तारीख उमटली नाही."