चामड्याची डफल बॅग घेताना ओढ कुठे बसते ते बघा

सोलापुरातून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठायची असो की सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुणे, दोन-तीन दिवसांच्या कपड्यांना ३५ लिटरची डफल बॅग पुरते. म्हणजे लांबी साधारण ५० सें.मी. आणि रुंदी-उंची २५ ते २८. चामड्यात याहून मोठी बॅग घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रिकामी बॅगच दोन किलोच्या आसपास भरते. पुढे हैदराबादहून विमान पकडायचं असेल, तर केबिनमधल्या सात किलोंपैकी दोन तिथेच गेले.

खरं चामडं वासावरून ओळखायला जाऊ नका, वास फवारताही येतो. खांद्याच्या पट्ट्याला बक्कलसाठी पाडलेली भोकं बघा. बाकीच्या कडा रंगवून किंवा दुमडून झाकलेल्या असतात, भोकाच्या आत मात्र छेद उघडा राहतो. वर दाट, खाली सैल आणि एकमेकांत गुंतलेले तंतू दिसले तर कातडं खरं. कापडाचा वेगळा थर दिसला तर रेक्झिन. कधी दोन पातळ कातड्यांच्या मध्ये पुठ्ठ्यासारखा भराव असतो, आणि असा पट्टा पुढे या भोकांपाशीच तुटतो. मग बॅगेच्या अंगावर अंगठा दाबा. फुल ग्रेन, म्हणजे वरचा थर न घासलेल्या चामड्यावर अंगठ्याभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि अंगठा काढला की विरतात. नक्षी सगळीकडे हुबेहूब सारखी असेल, तर ती साच्याने उठवलेली आहे. अंगाचं चामडं दीड ते दोन मि.मी. जाड असावं.

गिऱ्हाईक चामड्यातच अडकतं, पण बॅग आधी दगा देते ती हातात धरायच्या बंदांच्या मुळाशी. सगळ्यात भक्कम रचना म्हणजे बंदाचा पट्टा बॅगेच्या पोटाखालून फिरून दुसऱ्या बाजूला वर आलेला. वजन मग पट्ट्यावर येतं, शिलाईवर नाही. बंद नुसता बाजूला शिवलेला असेल, तर तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई आणि रिव्हेट दोन्ही हवेत. आत हात घालून चाचपा: रिव्हेटच्या मागे चामड्याचा जोडतुकडा लागला पाहिजे. तो नसेल तर रिव्हेट अस्तरासकट उपटून येतो. टाके इंचाला सहा ते आठ. फार बारीक टाके दिसायला सुबक, पण फाडायच्या तिकिटावरच्या भोकांसारखी ओळ तयार होते आणि चामडं त्याच रेषेत फाटतं. दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा घामाने कुजतो.

पट्टा अडकवायच्या कड्या तारेच्या वाकवलेल्या असतील, तर सांध्यातली फट ओझ्याने उघडते. लहान लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, मुलामा उडाला की गंजणार. पितळेला चुंबक चिकटत नाही, पण जस्ताच्या ठिसूळ मिश्रधातूलाही चिकटत नाही, म्हणून फिरत्या हुकाची मान बारीक नाही ना, तेही बघा.

चेन आठ किंवा दहा नंबरची हवी (नंबर म्हणजे लावलेल्या दातांची मि.मी.मधली साधारण रुंदी), पाच नंबर प्रवासाच्या बॅगेला अपुरी पडते. रिकाम्या बॅगेची चेन कुठलीही छान चालते, म्हणून दुकानात जाताना दोन जाड सोलापुरी चादरी सोबत न्या, त्या भरा आणि चेन लावा. रनर वळणावर अडकला किंवा अस्तर दातात आलं तर ती बॅग सोडा. रनर झिजला की त्याच्या मागे दात उघडे पडतात. नेहमीच्या मापाची चेन असेल तर फक्त रनर बदलून काम भागतं.

रंगाची परीक्षा अनेकजण विसरतात. पांढरा रुमाल ओला करून पट्ट्याची आतली बाजू दहा वेळा घासा. आपल्याकडच्या उन्हात खांद्याला घाम येतोच, आणि रुमालावर उतरलेला तपकिरी रंग उद्या सदऱ्यावर उतरणार.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. बंद गाडीच्या डिकीत बॅग ठेवली तर चामड्यातलं तेल सुकतं, कडांचा रंग तडकतो. उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या. खोबरेल तेल नको, त्याने डाग पडतात आणि पुढे खवट वास येतो. बुटाचं पॉलिशही नको, ते कपड्यांना लागतं. बॅग भिजली तर आत कोरडे टॉवेल कोंबून सावलीत पंख्याखाली ठेवा. एरवी प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या चादरीत गुंडाळा. बुरशी आलीच तर बॅग घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं लगेच धुऊन टाका.