घंटा नंबर ४ : के-टूचा पुरावा मागे घेतोय

माथेरानच्या एका जुन्या हॉटेलात रात्री आपोआप वाजणारी घंटा आम्ही चार महिने तपासतोय. आधी कबुली देऊन टाकतो. के-टू म्हणजे आसपासचं विद्युतचुंबकीय क्षेत्र वाढलं की दिवे लावणारं, भुतं शोधणाऱ्यांचं आवडतं यंत्र. "घंटा वाजते त्याच वेळी के-टू लालपर्यंत जातो, नऊ रात्रींत अकरापैकी अकरा वेळा," असं मागच्या वेळी मी छाती फुगवून लिहिलं होतं. ते सगळं मागे घेतोय. ते दिवे आमचे आम्हीच लावत होतो.

झालं असं. या खेपेला भाच्याने हट्टच धरला की प्रत्येक यंत्राचं घड्याळ टाळी वाजवून जुळवायचं. कॅमेरा, रेकॉर्डर आणि के-टूवर रोखलेला दुसरा कॅमेरा, तिन्हींसमोर एकच टाळी. आजवर मी मिनिटाला मिनिट जुळलं की खूश व्हायचो. शुक्रवारी रात्री २ वाजून ५२ मिनिटांनी घंटा वाजली, के-टू पेटला, आणि सकाळी तिन्ही फाइली शेजारी लावल्यावर दिसलं की घंटा आधी वाजते आणि दिवे तीन-चार सेकंदांनी लागतात. प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतराने. भूत इतकं शिस्तीचं कशाला असेल?

भाचा दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, डोंगल." पँट्रीतल्या कॅमेऱ्याला घंटा हललेली दिसते, तो क्लिप वर चढवायला ४-जी डोंगल जागा करतो, आणि डोंगलपासून हातभर अंतरावर आमचा के-टू. मोबाइलच्या लहरींना तो नाचतो हे या छंदातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आपले फोन आम्ही इमानदारीत एअरप्लेन मोडवर टाकले होते. डोंगल हाही फोनच, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोंगल काढून घंटा हाताने वाजवली. के-टू ढिम्म. चार महिन्यांचा पुरावा गेला!

(के-टू विकत घेऊ का असं अजून कुणी विचारत असेल तर घेऊ नका. एकाच दिशेने मोजतो, आकडा दाखवत नाही, नुसते पाच दिवे. "घोस्ट किट" म्हणून ऑनलाइन जे मिळतं त्यातलं निम्मं मुलांच्या वाढदिवसाला वाटायच्या लायकीचं असतं. थोडे जास्त पैसे टाकून ट्रायफील्ड मीटर घ्या. तो तिन्ही दिशा मोजतो आणि रेडिओ लहरी वेगळ्या मोजायची सोय देतो.)

असो. के-टू गेला, पण घंटा वाजते हे खरंच आहे.

नवीन आलेल्यांसाठी दोनच ओळी. माथेरानचं जुनं हॉटेल, मालकीणबाईंच्या विनंतीवरून नाव देत नाही. पँट्रीच्या भिंतीवर एका ओळीत सात घंटा, प्रत्येक एका वळलेल्या पोलादी पट्टीच्या टोकाला. खोलीत मूठ ओढली की तक्तपोशीच्या वरून गेलेली तांब्याची तार ताणली जाते आणि इकडे घंटा हलते. पट्टी नंतर मिनिटभर थरथरत राहते, म्हणजे उशिरा धावत आलेल्या बटलरलाही कळावं कुठल्या खोलीने बोलावलं. सातांपैकी चारांच्या तारा तुटल्यात. ४ नंबरची खोली पावसाळ्यापासून कुलपात आहे, आणि रात्री वाजते ती नेमकी तिची घंटा.

या प्रकारातला आपला मूळपुरुष म्हणजे मेजर एडवर्ड मूर. इंग्लंडात सफोकमधल्या ग्रेट बीलिंग्ज गावी त्याच्या घरातल्या घंटा २ फेब्रुवारी ते २७ मार्च १८३४ आपोआप वाजत होत्या. त्याने तारा तपासल्या, नोकरांना समोर उभं करून पाहिलं, शेवटी १८४१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि कारण सापडलं नाही असं सरळ लिहून मोकळा झाला. हा मूर आपल्याला अगदीच परका नाही. टिपूवरच्या मोहिमेत कॅप्टन लिटलच्या तुकडीतून तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर होता, चिंचवडच्या देव घराण्यावर त्याने लिहिलंय, आणि १८१० मध्ये हिंदू दैवतांवर जाडजूड ग्रंथ केला. पुण्याची हवा लागलेला माणूस म्हातारपणी स्वतःच्या स्वयंपाकघरात घंटांकडे टक लावून बसलाय, हे चित्र मला फार आवडतं.

मूरकडे नव्हता तो डेटा लॉगर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता नोंदत राहणारं यंत्र. आमच्याकडे होता, पण ऑक्टोबरच्या खेपेला मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने जो गळ्यात मारला तो ८० टक्के आर्द्रतेच्या वर गेला की थेट ९९ दाखवायचा. या वेळी साधे एसएचटी-३१ सेन्सर घेऊन भाच्याने घरीच जुळवले. तीन जागी लावले : पँट्री, ४ नंबरचा व्हरांडा, आणि छपराच्या पत्र्याखाली. दुपारी तीनला पत्र्याखाली ३८ अंश, पहाटे तीनला १५. तेवीस अंशांचा फरक!

आता गणित. ४ नंबरची तार सगळ्यात लांब, फितीने मोजली तर २८ मीटर, आणि बहुतेक सगळी पत्र्याखालून गेलेली. तांबं मीटरला अंशामागे साधारण १७ मायक्रॉन आकसतं. २८ गुणिले १७ गुणिले २३, म्हणजे जवळजवळ ११ मिलिमीटर. मूठ खोलीच्या बाजूला खोबणीत अडते, तिकडून काही मिळत नाही, म्हणजे सगळा ताण घंटेच्या बाजूला येतो. बाकीच्या दोन चालू घंटांच्या तारा दहा-बारा मीटरच्या आणि आतल्या भिंतींतून जातात, म्हणून त्या गप्प. मी जिन्यातच "सापडलं!" म्हणून ओरडलो. हॉटेलच्या पँट्रीतल्या जुन्या काकांनी वर बघून मान डोलावली आणि परत झाडायला लागले.

मग घंटा किती ओढली की वाजते ते मोजलं. १६ मिलिमीटर.

पाच कमी. वर हे आकसणं सावकाश होणार, बारा तासांत. सावकाश ओढलेली घंटा वाजत नाही, कलते. आणि कलते हे मात्र डोळ्यांनी पाहिलं. घंटेच्या मागे भिंतीवर दुपारी खडूची उभी रेघ मारली होती. पहाटे टॉर्च मारला तर घंटेची कड रेघ सोडून बोटभर डावीकडे, जणू कुणीतरी मूठ अर्धी ओढून धरली आहे आणि सोडत नाही. सगळं समजत असूनही त्या क्षणी मानेवर काटा आला, खोटं कशाला सांगू.

म्हणजे घंटा पहाटे काठावर येऊन थांबते. शेवटचा धक्का कोण देतं?

पहिला संशय कोपरांवर, म्हणजे तार वळते तिथल्या पितळी काटकोनांवर. गंजून अडकतात आणि एकदम सुटतात असा अंदाज. शनिवारी दुपारी तक्तपोशीची फळी काढून वर चढलो, पाचही कोपरं घासली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. उतरताना शर्टाची वाट लागली, आणि खाली ठेवलेली सेलची पिशवी माकडाने पळवली. आठ रिचार्जेबल सेल गेले. ते झाडावर बसून एकेक चावून बघत होतं.

तेल देऊनही शनिवारी रात्री ३ वाजून १० मिनिटांनी घंटा वाजलीच. पण वर चढलो होतो तेव्हा भाच्याने एक हुशारी केली होती. तारेच्या दोन्ही बाजूंनी तक्तपोशीवर रांगोळी पसरून ठेवली होती. सकाळी बघतो तर आडव्यातून पावलं गेलेली. पाच बोटं, मधे गादी, शेपटी घासल्याची पुसट रेघ. काकांना फोटो दाखवला तर चष्मासुद्धा न लावता म्हणाले, "उदमांजर. दर हिवाळ्याला असतं की वर." तार तक्तपोशीपासून चार बोटं उंचीवर आहे, ओलांडताना पाय किंवा शेपूट लागणारच. काठावर आलेल्या घंटेला तेवढं पुरतं.

याच गप्पांत दुसरं कोडंही सुटलं. दर घंटेनंतर रेकॉर्डरवर व्हरांड्यातली पावलं येतात, जी आपण तिघाचौघांनी हेडफोन लावून दहादा ऐकली, "जाताना जड आणि येताना हलकी" वगैरे चर्चा केली. ती काकांची आहेत. घंटा वाजली की ते उठतात, ४ नंबरच्या दारापर्यंत जातात, कुलूप बघतात, परत येऊन झोपतात. चाळीस वर्षं पँट्रीत काढलेला माणूस. मी म्हटलं, "काका, आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही भुताचं विचारत होता." जाताना चपला हातात आणि येताना पायात, की उलटं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

इथेच लेख संपवणार होतो. पण रविवारी मुक्काम वाढवला, रांगोळी नव्याने पसरली, आणि पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी घंटा वाजली. रांगोळीवर एक रेघही उमटलेली नाही.

सोमवारी दस्तुरी नाक्यापर्यंत सामान डोक्यावर घेऊन चालताना मी आणि भाचा एकमेकांशी बोललो नाही. वारा? लॉगरजवळच्या माइकवर वारा नाही. उंदीर? रांगोळीवर उंदीरही दिसला असता. १९ हर्ट्झवाला, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनाचा मुद्दा कुणी काढण्याआधी सांगतो : १९९८ च्या लेखात व्हिक टँडी या ब्रिटिश संशोधकाने पंख्याच्या ज्या कंपनाबद्दल लिहिलं त्याने माणसाला कुणीतरी असल्याचा भास होऊ शकतो, १६ मिलिमीटर तार त्याने ओढली जाणार नाही.

हे वरचं लिहिता लिहिता एक सुचलं, म्हणून मधे उठून रविवारची फाइल परत लावली. पाचवं कोपर ज्या रिपेवर स्क्रूने बसवलंय तीच रीप पत्र्याला खिळलेली आहे. पत्रा रात्री थंड होताना टण् करून सरकतो, पत्र्याच्या घरात झोपलेल्या कुणालाही विचारा. आणि आहे! घंटेच्या आधी अर्ध्या सेकंदाच्या आत स्पष्ट टण्. शनिवारच्या घंटेआधी असं काही नाही, तिथे नुसती खरवड ऐकू येते. म्हणजे काठावरच्या घंटेला दोन वेगवेगळे धक्के देणारे आहेत.

पण घाईघाईत पेढे वाटायला नकोत. त्या एका रात्रीत असे टण् मी मोजले, त्रेचाळीस आहेत. त्यातल्या एकाच्या मागे घंटा आली. नुसता योगायोग असायला एवढंही पुरतं, के-टूने हेच शिकवलंय. आणि शुक्रवारच्या घंटेचं काय? तेव्हा रांगोळीच नव्हती आणि वरचा माइक बंद होता, म्हणून ती हिशेबातून बाहेर.

म्हणून पुढचा बेत बदलला. ४ नंबरच्या खोलीत रात्र काढायची होती ते रद्द. त्याऐवजी पाचव्या कोपराच्या रिपेवर पिझो (कंपन टिपणारा सेन्सर) चिकटवायचा, म्हणजे हवेतला आवाज न येता फक्त लाकडाचा धक्का नोंदला जाईल. एक रात्र तशी, मग ते कोपर रिपेवरून काढून वाशावर बसवून दोन रात्री. मालकीणबाईंनी एका अटीवर होकार दिलाय : जुनी भोकं बुजवायची नाहीत. भाच्याची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोवर थंडी संपलेली असेल, तेव्हा मी एकटाच फेब्रुवारीत जातोय. कुणाकडे घडीची शिडी असेल तर कळवा. दस्तुरीपासून पुढे आपली मोटार नेता येत नाही, त्यामुळे हलकी हवी.

दरम्यान काकांना फोन करून एक काम सांगितलं : घंटा वाजली की आधी टॉर्च मारून खडूची रेघ बघायची, घंटा किती कलली आहे ते वहीत लिहायचं, मग हवं तर ४ नंबरला जायचं.

"आधी खोलीवर जाऊन येतो," काका म्हणाले, "मग बघतो तुमची रेघ."