तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्ट सुचते कशी?

कथा वाचून फोन करणारे दोन-चार वाक्यांत तिथेच येतात: 'तुम्हाला हे सुचतं कसं? आम्हीही लिहितो, तर काय करावं?' इतकी वर्षं 'वाचत राहा, लिहीत राहा' म्हणून मी सुटका करून घ्यायचो. ते खोटं नाही, पण कुणाच्या कामाचंही नाही. म्हणून एकदा नीट सांगतो.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होतो. सौदा झाला, वजन झालं, की शेतकऱ्याची पट्टी लिहायची. पोती, वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, आधीची उचल वजा, आणि तळाला हातात पडणारी रक्कम. एका एप्रिलमध्ये एक म्हातारे शेतकरी पैसे मोजून घेऊन पुन्हा गादीजवळ आले. हळूच म्हणाले, "दिवाणजी, आणिक एक पट्टी लिवून द्या की. पंधरा हजारानं कमी."

"मामा, तसं नाही करता येत."

"बरं," म्हणाले. खरी पट्टी चार घड्या घालून टोपीत ठेवली आणि निघून गेले.

मला सुचलं ते एवढंच. बाकीचं शोधावं लागलं.

आधी वाटलं, कारण सापडलं की कथा झाली. पहिल्या खर्ड्यात मी मामांना दारू लावली. दुसऱ्यात परगावी दुसरा संसार थाटून दिला. तिसऱ्यात लेकीच्या सासरचे लोक पैशासाठी अडून बसले. तो लिहिताना मी स्वतःच रडलो, म्हणजे तो तिन्हींत वाईट होता. वाचताना माझी हुशारी दिसायची, मामा काही दिसायचे नाहीत. वैतागून कागद ट्रंकेत टाकले.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली; तोंड बंद केलं की कीड लागत नाही, भाव येईपर्यंत माल वर्षानुवर्षं राहतो. २००५च्या महापुरात बरीच पेवं गेली. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरतो. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. तो तेवत राहिला तरच माणूस खाली. (लेखन कार्यशाळांचं हल्ली पेव फुटलंय, तिथे कुणी एवढं सांगत असेल तर फी वसूल.)

वर्षभरानं ट्रंक उघडली तेव्हा मी दुरुस्त्या करायला बसलो नाही. दार लावून खर्डा मोठ्यानं वाचला. मामा आपलं कारण समजावून सांगायला लागले की दरवेळी माझी जीभ अडखळायची. कंदील तिथे विझत होता. मी कारणच काढून टाकलं आणि कथा त्यांच्या बायकोकडे दिली: घर सारवताना तिला एकाच दिवसाच्या दोन पट्ट्या सापडतात. मग कथा चार दिवसांत झाली.

आणखी एक. सुरुवातीच्या माझ्या सात कथा साभार परत आल्या. एका संपादकांनी मात्र तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं रेघ मारून लिहिलं होतं, 'इथून सुरू करा.' तेव्हा राग आला. आता पहिली दोन पानं मी स्वतःच फाडतो. तुम्हीही फाडून बघा.

आणि दिवाळी अंकांच्या नादानं लिहू नका, असं मी म्हणणार नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीलाच संपतं. माझंही. फक्त जूनमध्ये संपादकांचा फोन आल्यावर कोरा कागद घेऊन बसू नका; ट्रंकेत आधीच काहीतरी मुरत पडलेलं असावं.

मामांची कथा छापून आली, त्यानंतरच्या हंगामात ते पुन्हा आले. सोबत बायको होती. मी मुद्दाम पट्टी मामांना न देता त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीच धरली, क्षणभर पाहिली आणि "बघा बरं," म्हणून मामांकडे सरकवली. माझ्या कथेतली बायको दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून वाचते.

मामांनी घडी घातली, टोपीत ठेवली.